बेदाणे, भुवया आणि सरकार

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मंडळाच्या कार्यकारिणीने मला 'तरुण पिढीचा प्रतिनिधी' म्हणून इथे उभं केलं आहे. छत्तिशी ओलांडलेल्या, कानशिलं पांढरी व्हायला लागलेल्या माणसाला तरुण म्हणणारी संस्था अख्ख्या अमेरिकेत एकच, ती म्हणजे महाराष्ट्र मंडळ! तेव्हा प्रथम त्याबद्दल आभार. विषय निवडायची मोकळीक होती. फक्त फोनवर एक सूचना हळूच मिळाली, "राजकारण नको हं, मागच्या वेळी बटाटेवडे गार होईपर्यंत भांडणं चालली होती." म्हणून आधीच सांगून टाकतो. मी कुणाला मत द्या हे सांगायला आलेलो नाही. डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन, दोघांनाही थोडं थोडं टोचेल असंच बोलणार आहे. वडे गरम असतानाच संपवेन.

विषय आहे व्यक्तीचे हक्क आणि सरकारच्या मर्यादा. अमेरिकेत या विचाराला 'लिबर्टेरियन' म्हणतात. आपल्याकडे उदारमतवादी म्हटलं की न्यायमूर्ती रानडे, गोखले आठवतात. अमेरिकेत मात्र विसाव्या शतकात 'लिबरल' या शब्दाचा अर्थ बदलत गेला आणि सरकारने जास्त कामं अंगावर घ्यावीत असं म्हणणाऱ्यांना लिबरल म्हणू लागले. मग जुन्या अर्थाच्या उदारमतवाद्यांना नवं नाव शोधावं लागलं, ते हे लिबर्टेरियन. त्यांचा एक पक्षही आहे, १९७१ साली स्थापन झालेला. पण मला पक्षापेक्षा विचारात रस आहे. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर आयन रँडची 'फाउंटनहेड' हातोहात फिरते, आणि ती वाचली की पुढचे सहा महिने माणूस मेसच्या मॅनेजरशीही तत्त्वज्ञानात बोलतो. तो ताप उतरल्यावर जे उरतं, त्याबद्दल मी बोलणार आहे.

हॉलमध्ये निम्मे लोक आयटीतले आहेत, म्हणून आमच्या धंद्यातलंच उदाहरण देतो. फायरवॉल बसवताना पहिला प्रश्न असतो, डिफॉल्ट काय ठेवायचं? सगळं बंद ठेवून परवानगी असेल तेवढंच आत सोडायचं, की सगळं खुलं ठेवून धोक्याचं असेल तेवढंच अडवायचं? पहिल्याला 'डिफॉल्ट डिनाय' म्हणतात, दुसऱ्याला 'डिफॉल्ट अलाऊ'. अमेरिकेची राज्यघटना वाचताना मला ही फायरवॉल दिसते. केंद्र सरकारला जे अधिकार दिलेले नाहीत ते त्याचे नाहीत, असं दहावी दुरुस्ती सांगते. आणि यादीत लिहिलेले नाहीत म्हणून नागरिकांचे बाकीचे हक्क नाहीत असं समजू नका, असं नववी दुरुस्ती सांगते. म्हणजे सरकारसाठी डिफॉल्ट डिनाय आणि नागरिकासाठी डिफॉल्ट अलाऊ. हे सगळं १७९१ साली लिहून ठेवलं गेलं. व्यवहारात किती पाळलं गेलं, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

त्याचं एक उदाहरण बेदाण्यांचं आहे. इथे सांगली-तासगावकडची मंडळी असतील तर त्यांनी कान टवकारावेत! आपल्याकडे जसा तासगावचा बेदाणा, तसा इथे कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोच्या आसपासचा. १९४९ पासून या बेदाण्यासाठी एक सरकारी आदेश लागू होता. एका समितीने दरवर्षी ठरवायचं की पिकाचा किती हिस्सा 'राखीव' ठेवायचा. तो हिस्सा शेतकऱ्याने समितीच्या नावे काढून द्यायचा. समिती तो परदेशात विकणार, शाळांच्या जेवणासाठी देणार, नाहीतर दान करणार. हेतू असा, की बाजारात माल कमी यावा आणि भाव पडू नयेत. आता हा 'काही हिस्सा' म्हणजे किती? २००२-०३ च्या हंगामात शेकडा ४७! पुढच्या हंगामात शेकडा ३०. राखीव मालाच्या विक्रीतून शेतकऱ्याच्या हाती एका वर्षी उत्पादनखर्चापेक्षाही कमी पैसे आले आणि दुसऱ्या वर्षी काहीच आलं नाही.

हॉर्न नावाच्या एका शेतकरी दांपत्याने सांगितलं, आमचे बेदाणे आम्ही देणार नाही. एके दिवशी सकाळी आठ वाजता सरकारी ट्रक त्यांच्या दारात आले, त्यांनी आत घेतले नाहीत. मग त्यांना न दिलेल्या बेदाण्यांच्या किमतीपोटी सुमारे ४,८०,००० डॉलर आणि वर २,००,००० डॉलरहून अधिक दंड लावण्यात आला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २२ जून २०१५ रोजी निकाल लागला. बेदाणे असे घेणं म्हणजे मोबदला न देता खासगी मालमत्ता घेणं आहे आणि पाचव्या दुरुस्तीत ते बसत नाही, असं नऊपैकी आठ न्यायाधीशांनी म्हटलं. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात थेट मॅग्ना कार्टाचा दाखला दिला. राजाच्या अधिकाऱ्याने पैसे दिल्याशिवाय कुणाचं धान्य उचलू नये, हे त्या १२१५ सालच्या सनदेत आहे. निकालाच्या आठवडाभर आधीच त्या सनदेला ८०० वर्षं पूर्ण झाली होती.

आपल्याला यात ओळखीचं काही वाटतं का? आपल्या कारखान्यांच्या साखरेचा ठरावीक हिस्सा 'लेव्ही' म्हणून सरकारने ठरवलेल्या भावात द्यावा लागायचा. ही लेव्ही २०१३ साली उठली. विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींना कापूस एकाधिकार खरेदी योजना आठवत असेल. १९७१ च्या कायद्याने आली आणि १९७२ पासून अमलात आली. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने आपला कापूस फक्त सरकारी यंत्रणेला विकायचा, दुसऱ्या व्यापाऱ्याला नाही आणि राज्याबाहेर तर मुळीच नाही. हेतू वाईट नव्हता, व्यापाऱ्याच्या कचाट्यातून शेतकऱ्याला सोडवायचं होतं. पण झालं काय, की हजार गिऱ्हाइकांच्या जागी एकच गिऱ्हाईक उरलं, आणि तेच काट्यावर बसलेलं, तेच प्रत ठरवणारं, तेच पैसे कधी द्यायचे ते सांगणारं. सीमेपलीकडे भाव बरा असला की बैलगाडीतून आपलाच कापूस रात्री चोरून न्यायची वेळ यायची. स्वतःच्या शेतात पिकवलेल्या मालाचा माणूस तस्कर ठरतो, तेव्हा कायद्यात काहीतरी बिनसलेलं असतं.

दुसरं उदाहरण भुवयांचं. हे खास महिलावर्गासाठी, पण पुरुषांनीही ऐकायला हरकत नाही. आपल्याकडे दोऱ्याने भुवया करतात. एक दोरा, दोन हात आणि वर्षानुवर्षांचा सराव. ही कला आपल्या देशी बायकांबरोबर अमेरिकेत आली आणि मॉलमॉलमध्ये पोचली. टेक्सास राज्याने ठरवलं की हे काम करायचं तर लायसन्स हवं, आणि लायसन्स हवं तर कॉस्मेटॉलॉजीचं ७५० तासांचं शिक्षण हवं. त्या शिक्षणात दोऱ्याच्या कामाचा पत्ता नाही! तिथे शिकवणार फेशिअल, वॅक्सिंग, मेकअप. म्हणजे जे काम येत होतं ते करायला बंदी, आणि जे करायचंच नाही ते हजारो डॉलर भरून शिका. दंड झाल्यावर या व्यवसायातले काही लोक २००९ मध्ये कोर्टात गेले. फिर्यादींत पहिलं नाव पटेल होतं, हे सांगायला नकोच. २६ जून २०१५ रोजी, बेदाण्यांच्या निकालानंतर चारच दिवसांनी, टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ७५० पैकी सुमारे ३२० तासांचा या कामाशी काही संबंध नाही, आणि असं ओझं घालून माणसाला पोट भरण्यापासून अडवणं राज्याच्या घटनेत बसत नाही, असं बहुमताने ठरलं.

आता विचारा, असे नियम कोण मागतं? गिऱ्हाईक? एखादी बाई सरकारकडे गेली होती का, की माझ्या भुवया करणारीला ७५० तास वर्गात बसवा? नाही. असे नियम बहुतेक वेळा आधीपासून धंद्यात असलेल्यांच्या फायद्याचे ठरतात. दार मोठं असो की छोटं, आत पोचलेला माणूस बाहेरच्याला म्हणतो, दार जरा जपून उघडा. आपल्या देशात राजाजींनी याच कारभाराला 'लायसन्स-परमिट राज' म्हटलं आणि त्याला विरोध म्हणून १९५९ साली स्वतंत्र पक्ष उभा राहिला. १९६७ च्या लोकसभेत त्याचे ४४ खासदार होते. मुंबईचे मिनू मसानी त्यातले मोठे नेते. पण पुढे तो पक्ष विरला, आणि १९८९ पासून तर भारतात पक्षाची नोंदणी करायची म्हणजे समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा लिहून द्यावी लागते. म्हणजे ज्याचा समाजवादावर विश्वास नाही त्याने निवडणुकीच्या राजकारणाची सुरुवातच खोटं बोलून करायची!

हा विचार मराठी मातीत खोलवर रुजवायचा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांच्याबद्दल आपल्यासारख्या परदेशी राहणाऱ्यांनी आवर्जून बोलावं असं मला वाटतं. शरद जोशी. साताऱ्यात जन्म, १९३५ चा. भारतीय टपाल सेवेत मोठा अधिकारी, मग स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत नोकरी. डोंगर, तळी, स्विस फ्रँकमध्ये पगार. आपल्यातले बरेच जण ज्याला 'सेटल होणं' म्हणतात ते पूर्ण झालेलं. आणि हा माणूस १९७७ च्या सुमारास सगळं सोडून परत गेला आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करायला लागला. 'परत जायचं का' या विषयावर आपण किती शनिवार रात्री घालवल्या आहेत, ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे!

शेती करताना त्यांनी हिशोब मांडला, आणि हिशोब जुळेना. जुळणारच नव्हता, कारण शेतकऱ्याला भाव मिळू नये अशीच व्यवस्था केलेली आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. शहरात धान्य स्वस्त हवं, गिरण्यांना कापूस स्वस्त हवा, म्हणून भाव वाढू लागले की निर्यातबंदी, राज्यबंदी, लेव्ही, साठ्यावर मर्यादा. १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली, १९८० मध्ये चाकणला पुणे-नाशिक रस्त्यावर कांद्यासाठी रास्ता रोको झाला, त्याच वर्षी नाशिक भागात ऊस-कांद्याचं मोठं आंदोलन पेटलं. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा तेव्हाची. त्यांनी सरकारकडे अनुदान मागितलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की आधी आमच्या छातीवरून उठा, मग मदतीचं बघू. नव्वदच्या दशकात बहुतेक शेतकरी नेते डंकेल प्रस्तावाच्या विरोधात होते, तेव्हा हे गृहस्थ जागतिक बाजार खुला व्हावा म्हणून उभे होते. १९९४ मध्ये त्यांनी पक्ष काढला त्याचं नाव स्वतंत्र भारत पक्ष. २००४ ते २०१० राज्यसभेत होते. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्यात गेले. निवडणुकीत त्यांना यश असं फार मिळालं नाही. आणि त्याचं कारण मला वाटतं आपण आहोत.

आपण म्हणजे मध्यमवर्ग. थोडं स्पष्ट बोलतो. घरी फोन केला की आई सांगते, "अरे, कांदा ऐंशी रुपये झाला!" आणि आपण लगेच म्हणतो, सरकार काय करतंय? सरकार काय करतं ते ऐका. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ पर्यंत चालली. त्याआधी २०१९ आणि २०२० मध्येही तसंच झालं होतं. लासलगाव-पिंपळगावच्या शेतकऱ्याला दुबईत गिऱ्हाईक होतं, बांगलादेशात होतं. त्याला सांगितलं, तुझा कांदा तू विकायचा नाहीस. पण भाव मातीमोल होतात आणि लोक कांदा रस्त्यावर ओततात, तेव्हा मुंबई-पुण्यातून कुणी फोन करून विचारत नाही की सरकार काय करतंय.

आता हाच नियम आपल्याला लावून बघा. समजा उद्या भारत सरकारने सांगितलं, देशात प्रोग्रॅमर महाग झालेत, तेव्हा प्रोग्रॅमरची निर्यात बंद! तुमचं शिक्षण सरकारी सवलतीत झालं, तेव्हा तुमची बुद्धी आधी देशातल्या कंपन्यांना स्वस्तात द्या. या हॉलमध्ये किती जण असते? कांदेवाल्याला आपण जे सांगतो ते आपल्याला कुणी सांगितलं असतं तर आपण त्याला गुलामी म्हटलं असतं. त्याचं पीक म्हणजे त्याने शेतात घातलेले महिने आहेत, आपला कोड म्हणजे आपण स्क्रीनसमोर घातलेले महिने. फरक मला तरी सापडलेला नाही.

आणि परवानगीचं जगणं काय असतं, हे आपल्याइतकं कुणाला कळणार? एच-वन-बीवर असलेल्या माणसाला नोकरी बदलायची तर नव्या मालकाने सरकारकडे अर्ज करायचा. डोक्यात चांगली कल्पना आहे म्हणून उठून स्वतःची कंपनी काढली, इतकं ते सोपं नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत एका देशाला शेकडा सातची मर्यादा, म्हणून भारतात जन्मलेला माणूस दहा-पंधरा वर्षं ताटकळतो आणि त्याच टीममधला छोट्या देशातला माणूस पुढे निघून जातो. एच-फोरवर आलेल्या आपल्या किती डॉक्टर, आर्किटेक्ट, प्राध्यापक मुली वर्षानुवर्षं घरी बसल्या! त्यांच्यातल्या काहींना काम करायची परवानगी मिळाली ती मे २०१५ मध्ये. म्हणजे बघा, मे-जून २०१५ च्या त्या पाच आठवड्यांत तीन वेगवेगळ्या लोकांना एकच गोष्ट मिळाली. बेदाणेवाल्याला, भुवया करणारीला आणि आपल्या वहिनींना. स्वतःच्या हातांवरचा स्वतःचा हक्क. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर १,००,००० डॉलरची फी जाहीर झाली, तेव्हा आपल्या घराघरांत झोप उडाली. कागदावरच्या एका सहीने कुटुंबाचा नकाशा बदलतो. अमर्याद सरकार म्हणजे काय, हे समजायला याहून जास्त वाचायची गरज नाही.

जमिनीचंही तेच. १९२१ मध्ये मुळशीला टाटांच्या वीज प्रकल्पासाठी इंग्रज सरकारने मावळ्यांच्या जमिनी १८९४ च्या कायद्याने संपादन केल्या. खासगी कंपनीसाठी सरकारी बळ वापरलं गेलं. त्या सत्याग्रहाने पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी दिली. धरण झालंच. कनेक्टिकटमध्ये न्यू लंडन गावात २००५ साली तसंच घडलं. खासगी विकासासाठी लोकांची घरं घेणं हा 'सार्वजनिक उपयोग' आहे, असं सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं. केलो नावाच्या बाईंचं गुलाबी घर तिथून उठलं. ज्या औषध कंपनीच्या आधाराने सगळी योजना रचली होती, तिनेही २००९ मध्ये गाव सोडायचं जाहीर केलं आणि ती जागा वर्षानुवर्षं ओसाड राहिली. लोक इतके चिडले की चाळीसहून अधिक राज्यांनी आपले कायदे बदलले. आपल्याकडे मात्र मालमत्तेचा मूलभूत हक्कच १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकला गेला, आणि त्याची चर्चासुद्धा होत नाही.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे सरकार नकोच का? नाही. आणि इथे मला पुस्तकी लिबर्टेरियन मंडळींशी भांडायचं आहे.

१८९१ साल आठवा. संमतिवयाचं बिल. विवाहित मुलीच्या बाबतीत संमतीचं वय दहावरून बारा करायचं होतं. टिळकांचं म्हणणं, समाजसुधारणा लोकशिक्षणाने व्हावी, परक्या सरकारने कायदा करून आमच्या घरात शिरू नये. वरवर पाहिलं तर हा अगदी लिबर्टेरियन मुद्दा आहे! आणि दुसऱ्या बाजूला आगरकर. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, मिल आणि स्पेन्सर वाचून वाढलेले. आजचे लिबर्टेरियन ज्या स्पेन्सरला आपला पूर्वज मानतात, तोच. 'सुधारक' काढणारे आगरकर व्यक्तिस्वातंत्र्याचे कट्टर, पण ते कायद्याच्या बाजूने उभे राहिले. ही विसंगती आहे का? मला तर आगरकरच सुसंगत वाटतात. कारण घराला स्वातंत्र्य नसतं, जातीला नसतं, धर्माला नसतं. स्वातंत्र्य माणसाला असतं, आणि ती दहा वर्षांची मुलगी माणूस होती. तिला वाचवण्यासाठी घराच्या दारात येणारं सरकार हे सरकारचं मूळ कामच करत होतं.

महाडचं चवदार तळं घ्या. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाड नगरपालिकेनेही मग तळं खुलं केलं, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तिथे गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर स्पृश्य मंडळी कोर्टात गेली ती कशाच्या जोरावर? हे तळं सार्वजनिक नाही, आमच्या मालकीचं आहे, या दाव्यावर. म्हणजे खासगी मालमत्तेचा हक्क! हायकोर्टाचा निकाल त्यांच्या विरोधात लागायला १९३७ उजाडलं. अमेरिकेतही १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला बॅरी गोल्डवॉटर यांनी विरोध केला तो थोडाफार अशाच तर्काने, की हॉटेल कुणाचं आणि गिऱ्हाईक कुणाला करायचं हे सरकारने ठरवू नये. त्यांचा तर्क मला कळतो, पण पटत नाही. पिढ्यान् पिढ्या कायदा, रूढी आणि लाठी वापरून ज्यांना बाहेर ठेवलं, त्यांना "आता सरकारने मध्ये पडू नये" असं सांगणं म्हणजे शर्यत अर्धी झाल्यावर नियम सुरू करणं. २०२३ मध्ये सिॲटलने जातिभेदावर बंदी घातली, तेव्हा आपल्या पार्ट्यांमध्ये जी कुजबुज झाली ती मी ऐकली आहे. सरकार नको तिथे बोलवायचं आणि हवं तिथे हाकलायचं, हे काही स्वातंत्र्यप्रेम नव्हे.

मग सीमा कुठे? शरद जोशींच्याच कामातून एक उत्तर मिळतं. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन झालं. त्यानंतर 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम आला. नवऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करून द्यायचा, आपणहून. सरकारी सक्ती नाही, अनुदान नाही. आणि गावंच्या गावं त्यात उतरली. जे समजावून होतं ते समजावून करावं, हा त्यातला धडा. कायद्याचा दंडुका कुणाच्या तरी पाठीवर आधीच दुसरा दंडुका पडत असेल तेव्हाच उचलावा.

म्हणून मी स्वतःसाठी चार प्रश्न करून ठेवले आहेत. कुठलाही नवा कायदा आला की ते विचारतो. एक, हा कायदा नसेल तर नेमकी इजा कुणाला होते? दोन, ही इजा समजावून, करार करून किंवा नेहमीच्या कोर्टात टळत नाही का? तीन, या कायद्याचा खर्च कुणाच्या खिशातून, आणि तो माणूस या खोलीत बोलायला आहे का? कांद्याच्या बाबतीत तो नसतो. चार, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा, हीच सत्ता उद्या मला न आवडणाऱ्या पक्षाच्या हाती गेली तर मला झोप लागेल का? या चौथ्या प्रश्नावर डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन दोघेही नापास होतात. एकाला सरकार आपल्या पाकिटात चालतं, दुसऱ्याला शेजाऱ्याच्या बेडरूममध्ये चालतं. आपलं माणूस खुर्चीत असलं की अधिकार वाढवायचे आणि चार वर्षांनी दुसरा बसला की हुकूमशाही आली म्हणून ओरडायचं.

शेवटी आपल्या मंडळाकडे बघा. या कार्यक्रमाला कुठल्या खात्याचं अनुदान नाही, कुणाची सक्ती नाही. रविवारी सकाळी मुलांना मराठी शिकवायला येणाऱ्या बाईंना पगार नाही. खुर्च्या कोणी लावल्या? ज्यांना वाटलं त्यांनी. कुणाच्या घरी दुःखद घटना घडली की पहिल्या दिवशी डबा पोचतो, तो फॉर्म भरून नाही. लोक म्हणतात, सरकारने केलं नाही तर कोण करणार? त्याचं उत्तर या हॉलमध्ये बसलेलं आहे. अर्थात खुर्च्या आवरायची वेळ आली की हे उत्तर हळूच पार्किंग लॉटकडे सरकतं, तेवढं आज करू नका!

स्वातंत्र्य आपल्याला आवडतंच, त्यात काही विशेष नाही. लासलगावच्या शेतकऱ्याचं, भुवया करणाऱ्या बाईचं, तळ्यावर आलेल्या माणसाचं स्वातंत्र्य आपल्याला थोडं महाग पडलं तरी ते त्याचं आहे, एवढं मान्य झालं तर माझं आजचं बोलणं कामी आलं. पुढच्या फोनवर आई म्हणाली कांदा महागला, तर एवढंच म्हणा, "बरं झालं, कुणाला तरी चार पैसे मिळत असतील." पलीकडून काय ऐकू येईल, त्याची जबाबदारी माझी नाही.

प्रश्न जरूर विचारा, पण वडे घेऊन!